हिंगाचं पाणी

लेक सहा वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही; गहू, मैदा, रवा कायमचा बंद, आणि आतडं बरं होईपर्यंत दूधही बंद. दूध म्हणजे दही, ताक, लोणी सगळंच. कोल्हापुरात राहायचं, सासर म्हशीवाल्यांचं, आणि पोरीला दूध द्यायचं नाही. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. पेठ वडगावजवळ त्यांचा पाच म्हशींचा गोठा आहे, आणि त्यांच्या दारात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी दुधाचा पेला मिळतो.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. पुढं त्याचंच सगळं आहे.

पहिले पंधरा दिवस रडण्यात गेले. मग म्हटलं, रडून पोरीच्या पोटात काही जात नाही, आणि कामाला लागले. बघितलं तर आपलं निम्मं जेवण गव्हाशिवायचंच निघालं. ज्वारीची भाकरी, भात, आमटी, पोहे, तांदळाच्या पिठाची धिरडी. नाचणीची खीर नारळाच्या दुधात शिजवायला लागले. बुधवारी पांढरा रस्सा, तो तर मुळातच नारळाच्या दुधाचा. शाळेच्या डब्यात भाकरी कुस्करून गूळ आणि दाण्याचं कूट घालून लाडू वळायचे, नाहीतर राजगिऱ्याची वडी. गिरणीवाल्याला सांगितलं, आमची ज्वारी गव्हावर टाकायची नाही. तो म्हणाला, "वैनी, सकाळी पयल्यांदा येत जावा, गिरण झाडून ठेवतो." त्यानं शब्द पाळला. मी सगळ्यांवर लक्ष ठेवून होते.

चार महिने गेले तरी वजनकाट्यावरचा आकडा हलेना. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं. वर्गातल्या पोरी तिच्यापेक्षा वीतभर उंच झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी पोटात जातंय, असंच राहिलं तर वाढ खुंटेल, शोधा. आता कुठं शोधायचं? मी स्वतःच्या हातानं रांधत होते, स्वतःच्या हातानं भरवत होते. मग राहिलं कोण?

दर शनिवार-रविवार लेक आत्तींकडे जायची. आणि पहिल्याच दिवशी आत्ती बोलल्या होत्या, "आपल्या म्हशीचं दूध कधी कुणाला बाधलंय व्हय?" मला तेवढं पुरलं. मी हिशेबही मांडला होता. रविवारी संध्याकाळी घरी येते तेव्हा बरी असते, आणि मंगळवार-बुधवारी पोट धरून बसते. म्हणजे तिकडं खाल्लेलंच इकडं येऊन बाधतं.

एका शनिवारी गेले ती थेट गोठ्यात. आत्ती गुडघ्यात चरवी धरून धार काढत होत्या. मी म्हणाले, "आत्ती, चोरून दूध देताय तिला."

"न्हाय गं. देवाशपथ न्हाय."

"मग हात? ह्याच हातानं धार काढायची आन ह्याच हातानं तिला भरवायचं. तुमच्या हातांनीच पोरगी वाळत चाललीया."

आत्तींनी आपले हात तेवढे बघितले. नवरा गोठ्याच्या दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. मी पोरीला उचललं आणि निघून आले, आणि पुढचे दोन महिने तिला तिकडं पाठवलं नाही.

त्या दोन महिन्यांत पोट जास्तच दुखायला लागलं. पोरगी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि विचारायची, "मम्मी, आज्जीकडं कधी जायचं?" मला काही सुचत नव्हतं. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते. मग मी माझ्या आईनं शिकवलेलं करायची. बेंबीभोवती हिंगाचा लेप, आणि कोमट पाण्यात चांगला चिमूटभर हिंग कालवून प्यायला. आमटीच्या फोडणीतही हिंग वाढवला होता, गॅस होऊ नये म्हणून. ती नाक मुरडत प्यायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, आणि मला वाटायचं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरातली सगळी पाकिटं, डब्या घेऊन यायला सांगितलं. पिशवी भरून नेली. त्यांनी एकेक वाचून बाजूला ठेवलं आणि हिंगाच्या डबीपाशी थांबल्या. डबी खिडकीजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचली. म्हणाल्या, "ह्यात गव्हाचं पीठ आहे. हिंग नुसता फार उग्र असतो, म्हणून बऱ्याचदा पिठात मिसळून विकतात. किती वापरता?"

मी सांगितलं. फोडणीचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला भरल्या दवाखान्यात रडू आलं.

आत्तींच्या घरात हिंग नसतोच. कांदा-लसणाची चटणी आणि भाकरी. म्हणजे पोरगी दोन दिवस तिकडं बरी व्हायची आणि माझ्याकडं येऊन आजारी पडायची. माझा हिशेब अख्खा उलटा होता.

तिथनंच आम्ही वडगावला गेलो. आत्ती गोठ्यात होत्या, म्हणून मी आधी घरात शिरले. फळीवर धुवट फडक्याखाली एक नवा तवा, एक परात आणि एक छोटं पातेलं झाकून ठेवलेलं. जाऊबाई म्हणाली, "पोरीचंय ते. डॉक्टरनी सांगितलं त्याच आठवड्यात आणलंय आत्तींनी. आमाला हात लावू देत न्हाईत." इतक्या महिन्यांत मी त्या फळीकडं एकदाही बघितलं नव्हतं.

आत्ती दारात आल्या. मी म्हणाले, "आत्ती, चुकलं माझं. माझ्या हिंगानं झालं सगळं. माझ्याच हातानं."

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता बरी हुईल न्हवं?"

तेवढ्यात लेक आज्जी म्हणत त्यांच्याकडं धावली. आत्ती दोन पावलं मागं सरल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. "थांब बाळा, आत्ताच धार काढलीया." मोरीत जाऊन त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. मग नाकाशी नेऊन वास घेतला. मी म्हणाले, "आत्ती, राहू द्या की ते. घ्या तिला." त्यांनी ओले हात माझ्यापुढं केले आणि विचारलं, "चालंल न्हवं आता?"

लेकीचं वजन आता वाढलंय. भाकरीचे लाडू ती स्वतः वळते. मी आत्तींची किती वेळा माफी मागितली, त्याला गणती नाही. तरी नात अंगाशी आली की त्या आधी माझ्याकडं बघतात, आणि मी मान हलवली की मगच तिला जवळ घेतात.