मिशीखालची काकू

माझी काकू वारल्यानंतर काही काळाने माझ्या तोंडात मुक्कामाला आली होती.

हे मी गंभीरपणे सांगतोय. तेव्हा तंजावुरात घराघरावर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि टीव्हीवरचा प्रत्येक माणूस बत्तीशी दाखवून हसत होता. मी नव्याने उघडलेल्या फ्रिज-टीव्हीच्या दुकानात मॅनेजर होतो. आणि माझे दात तपकिरी! लहानपणी तापावर घेतलेल्या कसल्याशा औषधाचा हा प्रसाद. त्यामुळे मी ओठ मिटूनच हसायचो.

एकदा दुकानाचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "राव सार, जरा हसून बोला. आपण फ्रिज विकतो. तुम्ही सांगायला लागलात की गिऱ्हाईकाला वाटतं, घरचं कुणी गेलं!"

झालं. मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर सेल्वम मद्रासहून नवीन विद्या शिकून आले होते, पण दवाखाना वडिलांचाच. वडील, म्हणजे अप्पा, कवळ्या बनवण्यात नावाजलेले. खोलीतल्या काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. मी कुठेही बसलो तरी ते सगळे माझ्याकडेच बघून हसतायत असं वाटे. (जबड्यांना डोळे नसतात, हे मला माहीत होतं. त्याने काही फरक पडला नाही.)

"पोर्सेलीनचे पातळ पापुद्रे दातांवर पुढून चिकटवायचे," डॉक्टर म्हणाले.

"पोर्सेलीन म्हणजे चिनीमाती? कपबशीची?"

"त्याच जातीची. पण त्यासाठी तुमचा दात थोडा घासावा लागतो, आणि घासलेला दात परत येत नाही. म्हणून घाई नको. आधी न घासता वरून तात्पुरता थर बसवतो. थोडे दिवस वापरा, घरच्यांना दाखवा, मग ठरवा." त्यांनी कपाटातून एक जबडा काढला. "ठेवण ही बघा. अप्पांच्या हातची. किती देखणी!"

देखणी होतीच. मी हो म्हटलं आणि त्याच ठेवणीचा थर दातांवर बसवून घेतला.

भर दुपारी घरी आलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सोप्यात काका झोपाळ्यावर पाठमोरे बसले होते. माझे आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मला काका-काकूंनीच वाढवलेलं. काकांना साखरेचा आजार, गोड बंद. मी दारात उभा राहून नवं हसू हसलो आणि हाक मारली, "काका!"

काका वळले. त्यांच्या हातातला हलवा खाली पडला. झोपाळा आपोआप थांबला. आणि माझ्या तोंडाकडे बघत ते बारीक आवाजात, आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "मी खाल्लों नाही. नुसता वास घेत होतों."

"काका, मी रामू."

"तू रामू. ते कळतं. पण तुझ्या तोंडात ती कसाला आली?"

मी आरशाकडे धावलो. वर माझे डोळे, मध्ये माझं नाक, त्याखाली माझी मिशी. आणि मिशीखाली काकूचं हसू! पुढच्या दोन दातांतली ती किंचित फट, डावीकडचा जरा पुढे आलेला सुळा, सगळं तेच. मी घाबरून तोंड मिटलं. काकू गेली. उघडलं. काकू आली.

काकूचं हसू साधं नव्हतं. ती कधी ओरडत नसे, नुसती हसायची, आणि समोरचा माणूस न केलेले गुन्हेही कबूल करायचा.

बायको, कमला, स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघताच तिने झटकन पदर सावरला, आत गेली आणि आमटी पुन्हा उकळायला ठेवली. "चिंच कमी झाली," ती आतून म्हणाली. "आत्या हसट्ल्या की चिंच कमीच असते." (ती काकूला आत्या म्हणायची.)

"अगं, मी हसलो!"

"तुमी तोंड मिटून बोला हो, अय्यो!"

तिन्हीसांजेला वीज गेली. मी कंदील घेऊन ओसरीवर आलो. समोरच्या अंबुजम मामी अंगणात दिवा लावत होत्या. उजेड खालून माझ्या तोंडावर पडला असावा. मी शेजारधर्म म्हणून हसलो. मामींनी किंकाळी मारली नाही. किंकाळी परवडली असती! त्या हात जोडून उभ्या राहिल्या, मग घरात गेल्या आणि इडलीचं मोठं पितळी भांडं आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"अक्का, विसरले होते," त्या तमिळमध्ये पुटपुटल्या. माझ्या डोळ्यांकडे न बघता. माझ्या दातांकडे बघत!

दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. काकूने जन्मभर गल्लीला वस्तू उसन्या दिल्या होत्या. आता एकेक परत येऊ लागली. शेवयांचा साचा आला, काफीचा फिल्टर आला, समई आली. कुणी दार वाजवत नसे. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर काहीतरी वाट बघत बसलेलं. एकदा एक पाटा आला, वरवंटा नाही. मी गल्लीच्या टोकापर्यंत नुसता हसत फिरून आलो. संध्याकाळी वरवंटाही आला!

कमला म्हणाली, "कायमचे बसवून घ्या. माझी चांदीची वाटी अजून यायची आहे."

मी जवळजवळ ठरवलंही होतं. पण एका दुपारी काकांनी मला झोपाळ्यावर शेजारी बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटच्या दिवशी ती काफी मागटली. डॉक्टर नको म्हणटला, म्हणून मी दिलों नाही. तिला राग आला काय, विचार की."

मी मिशीवाला माणूस, काकू कुठून आणू? मला रडू येत होतं. ते आवरायला ओठ ताणले, आणि दात दिसले. काका टक लावून बघत राहिले.

"नाही," ते हळूच म्हणाले. "राग असला की ओठ एका बाजूला जायचा. हे तसं नाही." त्यांनी डोळे पुसले. मग पंचा झटकून उठत म्हणाले, "बरं झालं. आता ते काढून टाक. दररोज नको रे. मला हलवा गिळवत नाही!"

मी डॉक्टरांकडे गेलो. "तो जबडा कुणाचा होता?"

ते आठवून म्हणाले, "अप्पांनी एका बाईंसाठी बनवलेल्या कवळीचा. पश्चिम वीथीतल्या, मराठी बोलणाऱ्या. हसू मनासारखं नाही म्हणून त्या कवळी सारखी परत आणायच्या. अप्पा त्यांना फार घाबरत." पश्चिम वीथी म्हणजे आमचीच गल्ली!

"दुसरा दाखवा. मालक जिवंत असलेला."

डॉक्टरांनी कपाटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अप्पांचे पेशंट म्हणजे सगळे वयस्करच होते हो," ते हळूच म्हणाले. जबडे हसत होते.

मग त्यांनीच मला खुर्चीत बसवून खरं काय ते सांगितलं. मी झोपेत दात खातो, हे त्यांना झिजेवरून दिसलं होतं. पापुद्रे तडकायचा संभव. डाग गडद, म्हणजे घासायचंही जास्त. "दात तुमचे मजबूत आहेत. दुखत नाहीत. नुसत्या रंगासाठी घासायचे का, ते तुम्ही ठरवा."

मी थर काढून टाकायला सांगितला.

पण एवढ्या दिवसांत तोंड उघडून हसायची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजीबाई मिक्सर बघायला आल्या. मी स्वतःच्या अस्सल तपकिरी दातांनी त्यांच्याकडे बघून भरघोस हसलो. त्यांचा चेहरा खुलला. इकडेतिकडे बघून त्या काउंटरवर वाकल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "सार, तुम्हीपण आपल्यातलेच! काढा की एक पान. चुना मात्र जास्त लावा!"