भरताचा डबा आणि चौदा किलोमीटर मुरूम

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, सकाळी सहा. काम: वांगी भाजणे.

धारला मैत्रिणीकडे मुक्काम होता. तिच्या गॅसवर मी चार वांगी फिरवत होते आणि शेजारी वन्सं बाजरीचे रोडगे थापत होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय चौसष्ट, देवासच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची मास्तरीण. लग्न केलं नाही, राहते आमच्याकडेच.

चातुर्मास लागला की आमच्या घरात वांगं, कांदा, लसूण बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं. तोही घरी दाखवून भागत नाही. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत असताना त्यांनी नालछ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कडेजवळ, एक लहान दगडी देऊळ बांधलं. नैवेद्य तिथे, दुपारी बाराच्या आत. इतकी वर्षं गाडी दारापर्यंत जायची. गेल्या पावसाळ्यात वाटेतला रपटा, म्हणजे ओढ्यावरचा बसका पूल, वाहून गेला आणि नालछ्यापासूनच गाड्यांना रस्ता बंद झाला.

लगेच मनावर या गावाहून चुलत दिरांचा फोन. त्यांचा धान्याचा व्यापार आहे, बोलणं थेट असतं.

"अक्का, देव रस्त्याला आणू. नालछ्याला माझा प्लॉट पडून आहे. टाइल्स लावून मस्त मंदिर करू. गाडी लावायची, दर्शन घ्यायचं, निघायचं."

"देव म्हणजे काय पेट्रोल पंप आहे?" वन्सं म्हणाल्या.

"मग यंदा नैवेद्य कसा नेणार? नालछ्यापासून चौदा किलोमीटर. चालत? त्या गुडघ्यांनी?"

"नेऊ कसा तरी."

"बाराच्या आत पोचला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोचला तर वैशाखात देव हलवायचा. मान्य?"

वन्संनी मान्य म्हटलं, फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्या त्या वाकड्या शिंगांच्या सायकलवर मला बसता येईल का गं?"

वाकडी शिंगं म्हणजे माझ्या ग्रॅव्हल बाईकचं हँडल. मी एका कारखान्याचं कॅन्टीन चालवते. पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि देवास-इंदूर रस्त्यावर ट्रक आणि बसच्या मधून सायकल चालवणं हा व्यायाम नव्हे, म्हणून मी जाड टायरची सायकल घेऊन आडवाटांना लागले. आमचा सगळा माळवा थंड झालेल्या लाव्ह्यावर बसला आहे. खाली काळा दगड, वर काळी माती आणि मधे दगड कुजून झालेला तांबूस मुरूम. मुरमावर चाक छान धावतं. ट्रक नाही, हॉर्न नाही. फार तर एखादी म्हैस, आणि तिला बाजूला होण्याची अक्कल असते.

वन्संसाठी सरळ हँडलची एक जुनी सायकल मिळवली. दोन महिने रोज सकाळी शेतांमागच्या वाटेवर तालीम केली. गिअर त्यांना एका दिवसात समजले. "अपूर्णांकच आहेत की हे. मागचं चक्र छेद," म्हणाल्या. ब्रेक समजायला आठवडा लागला. दोनदा पडल्या, एकदा बोरीच्या झुडपात. काटे काढताना मी म्हटलं, अजून विचार करा. त्या म्हणाल्या, "मी विचार केलेला आहे. तू चिमटा नीट धर."

तर त्या सकाळी माझ्या नवऱ्याने दोन्ही सायकली गाडीच्या मागे लावून आम्हाला नालछ्याला सोडलं. वन्संनी नऊवारीचा हट्ट आधीच सोडला होता. सलवार, कुडता, पायात माझे बूट.

"ताई, पदकं नंतर वाटणार की आधी?" नवऱ्याने विचारलं.

"तू पेपर वाच," वन्सं म्हणाल्या.

साडेनऊला निघालो. नैवेद्याचा स्टीलचा डबा धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या कॅरिअरवर. पहिले पाच किलोमीटर बहारीचे. उन्हाला अजून धार नव्हती. दोन्ही बाजूंना गहू टाचेएवढा उगवला होता आणि मुरमात मधूनमधून पांढरे स्फटिक चमकत होते. तुटलेल्या रपट्याशी बूट काढले, सायकली एकेक करून उचलून पार केल्या. पाणी घोट्याएवढंच, पण गोटे शेवाळलेले. पलीकडे गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "त्याला सांग, इथे टाइल्स लाव म्हणावं."

मग चढ सुरू झाले. फार मोठे नाहीत, पण एक संपला की दुसरा, आणि मुरूम जाऊन तिथे सुटी खडी. अकराव्या किलोमीटरला वन्सं थांबल्या, उतरल्या आणि रस्त्याकडेच्या काळ्या दगडावर बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी लगेच ओळखलं. पोटात काही नव्हतं.

आणि इथे आमची चूक सांगायला हवी. मी सायकलवर निघताना खजूर घेतल्याशिवाय निघत नाही. इतरांना तसं बजावतेसुद्धा. त्या दिवशी खजुराची पुडी मीच पिशवीतून काढून मैत्रिणीच्या टेबलावर ठेवली. नैवेद्याच्या डब्याला खाण्याचं काही लागायला नको म्हणून. आणि नैवेद्य होईपर्यंत आमच्यात कोणी खात नाही, म्हणून दुसरं काही घ्यायचं डोक्यातच आलं नाही. सकाळपासून दोघींच्या पोटात एकेक कप चहा. कॅरिअरवर चार वांग्यांचं भरीत आणि आठ रोडगे, त्यांचा वास येत होता, आणि त्यातलं काही खाता येणार नव्हतं.

"वन्सं, एक रोडगा मोडते. देवाला सात पुरतील."

"मोडलास तर मी इथूनच परत जाते."

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. तीन किलोमीटर उरले होते. मी म्हटलं, डबा घेऊन मी एकटी पुढे जाते.

"म्हणजे तो म्हणणार, अक्का पोचलीच नाही. बस तू पाच मिनिटं."

मी बसले. तेवढ्यात शेतातून डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई आली. देवळाशेजारचं शेत तिचं, रोजचा दिवाही तीच लावते. दर वर्षी भेटते. वन्संना सायकलजवळ बघून तिने भारा खाली टाकला.

"देवता तो वां वाट देखे, ने तम यां बैठी हो?"

तिकडे वाट बघणाऱ्या देवाला सोडून इथे का बसलो, ते मी तिला सांगितलं. तिने ओढणीच्या गाठीतून गुळाचा खडा काढला. वन्संनी मान हलवली.

"नैवेद्य नहीं हुआ अभी."

"गुड़ से कंई को उपास टूटे, बेन? म्हारी सास तो गुड़ खइने ही सब उपास करती थी."

गूळ खाऊन सगळे उपास करणारी तिची सासू ऐकून वन्संनी खड्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा वर्गात अवघड गणित फळ्यावर लिहून झाल्यावर होत असेल तसा झाला होता.

"गूळ उपासाला चालतो," त्या शेवटी मला म्हणाल्या. "एकादशीला चालतो म्हणजे आजही चालायला हरकत नाही. धान्य नाही, मीठ नाही."

"हे मी दहा मिनिटांपूर्वी म्हटलं असतं तर?"

"तुझ्याकडे गूळ होता का?"

नव्हता. अर्धा खडा त्यांनी खाल्ला, अर्धा मी. वर बाटलीतलं पाणी. पाच-सहा मिनिटांत रंग परत आला. वन्सं सायकलवर बसल्या आणि मी न सांगता सगळ्यात हलक्या गिअरवर गेल्या. शेवटचा चढ आम्ही हातात सायकल धरून चढलो. शेतांतल्या जवळच्या वाटेने आलेली शेतवाली भारा घेऊन आमच्या पुढे चालत होती आणि मागे वळून हसत होती.

देवळाशी पोचलो तेव्हा बाराला सोळा मिनिटं होती. पलीकडे कडा तुटलेला, खाली निमाड धुरकट दिसत होतं. भंडारा उधळला, नैवेद्य दाखवला, येळकोट म्हटलं. मग तिघींनी पायरीवर बसून भरीत-रोडगा खाल्ला. जवळजवळ पाच महिन्यांनी वांगं. शेतवालीने मिरच्या आणल्या आणि वन्संनी तीन रोडगे संपवले, हे मी मोजलं.

फोनला रेंज फक्त देवळामागच्या दगडावर. तिथे चढून वन्संनी घड्याळासकट नैवेद्याचा फोटो मनावरला पाठवला. उत्तर आलं ते असं: "मान्य. सायकल कुठे मिळते?"

"टायर किती जाड ते विचारतोय," वन्सं पुढचा मेसेज वाचत म्हणाल्या. "तू सांग. आणि म्हणावं, ब्रेकला आठवडा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासला मी दोन्ही सायकली धुतल्या, साखळ्या पुसून तेल घातलं, दिरांना टायरचं माप कळवलं. मग जुन्या फडक्याची एक छोटी थैली शिवली, खजूर आणि गूळ भरून वन्संच्या हँडलला बांधली. कॅरिअरपासून लांब.