रीनाच्या हाताखाली

आईचं मनगट मोडल्याचं निमित्त झालं आणि नागसेन गजभिये बंगळुरूहून बालाघाटला आला. निमित्तच म्हणायचं. प्लास्टर घालून झालं होतं, धाकटी बहीण पिंकी गोंदियाहून येऊन स्वयंपाकपाणी बघत होती आणि चंपाबाई एका हाताने सगळं घर हाकायलाही लागल्या होत्या. पण नागसेनला ऑफिसच्या त्या काचेच्या इमारतीतून कुठेतरी निघून जायचं होतं. आईच्या हाडाला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

वय सत्तेचाळीस. बाप, पुनाराम, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत आयुष्यभर राबला. पोराने नागपुरात इंजिनिअरिंग केलं, बंगळुरू गाठलं आणि वीसेक वर्षं चिपच्या धंद्यात काढली. तो नेमकं काय करतो हे बालाघाटच्या नातेवाइकांना कधी उमगलं नाही. कुणी विचारलंच तर तो सांगायचा, मोबाइलमध्ये, गाडीत जी नखाएवढी चिप असते, ती कारखान्यात बनायला जाण्याआधी तिच्या आराखड्यातल्या चुका शोधतो. एकदा चिप घडली की तिच्यात दुरुस्ती नसते. चूक राहिली तर लाखो चिपांत तीच चूक. हे काम त्याला मनापासून आवडायचं. त्यात कुणाशी गोड बोलावं लागत नाही, एवढं एक कारणही त्याला पुरेसं होतं.

मग रीनाचं प्रकरण झालं.

बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकींसाठी एक चिप होती. तिच्यात नागसेनला खोट सापडली. उष्णता वाढली की चिपचा एक भाग कधी कधी जागाच व्हायचा नाही. त्याने भर मीटिंगमध्ये सांगितलं. वरच्या साहेबांनी हसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढ्या उन्हात गाडी चालवतं कोण. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली होती. तपासणी पूर्ण झाल्याची सही हवी होती, ती नागसेनने दिली नाही. तेव्हा त्याला आठवडाभर दुसऱ्या कामाला जुंपलं आणि त्याच्या हाताखालच्या रीनाकडून सही घेतली. रीना भंडाऱ्याकडची, कामाला चोख, नागसेननेच हाताला धरून शिकवलेली. तिला सांगण्यात आलं की सरांचं बघून झालंय, फक्त सही राहिली आहे.

उन्हाळा आला आणि गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या. चौकशी बसली. नागसेनने तिथेही सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं गेलं, त्याच्या प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक झालं, आणि दुसऱ्याच दिवशी रीनाचा राजीनामा घेतला गेला. सही तिची होती ना.

किळस तेव्हापासूनची. आधी ती साहेबांच्या आवाजाची आली, त्या मध लावलेल्या आवाजाची. मग मीटिंगच्या खोलीतल्या अत्तराच्या वासाची, कँटीनच्या कॉफीची, टाळ्यांची. कुणी 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' म्हटलं की त्याच्या घशाशी आंबट यायचं. आणि अशातच साहेबांनी त्याला बढती देऊ केली. सगळ्या विभागांच्या गुणवत्तेचा प्रमुख, डायरेक्टर. पहिलं काम म्हणून नव्याने लागलेल्या पोरापोरींपुढे एक व्याख्यान द्यायचं होतं: त्या सहीच्या चुकीतून आपण काय शिकलो. "नाव घ्यायचं नाही हं तिचं," साहेब म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू रीनावर केवढे उपकारच करतायत.

नागसेनने विचार करायला वेळ मागितला आणि बालाघाटची गाडी पकडली.

बायको गीता बंगळुरूच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिला सगळं ठाऊक होतं. फोनवर ती म्हणाली की तुमची किळस खरी आहे, पण पोरीची बारावी पुढच्या वर्षी आहे. जे करायचं ते रागात नको, विचाराने करा. तिचं बरोबर होतं. पण बरोबर बोलणारी माणसंही त्या दिवसांत त्याला नकोशी वाटत.

चंपाबाईंचा हात दाखवायला तो त्यांना ऑटोतून डॉक्टरकडे घेऊन निघाला. बस स्टँडजवळ ऑटो थांबला तेव्हा चंपाबाई वर बघत म्हणाल्या, "हा तुहा फोटो व्हय का?"

समोर भलंमोठं होर्डिंग होतं. 'अब बालाघाट बनाएगा चिप. तीन महीने का कोर्स, सौ प्रतिशत नौकरी.' आणि बाजूला नागसेनचा चेहरा, खाली कोट, टाय, छातीवर घडी घातलेले हात. चेहरा त्याचा होता. बाकी अंग कुणा दुसऱ्याचं होतं.

"हौ, माय. माहाच आहे."

"मंग टाय कोनाची व्हय?"

त्याने आईला डॉक्टरांना दाखवून घरी सोडलं आणि तडक वारासिवनी रोडला गेला. होर्डिंगवर पत्ता होताच. एका मोटारसायकलच्या शोरूमच्या वर महेंद्रने चिप शिकवायची ही अकॅडमी थाटली होती. महेंद्र शाळेतला, एका बाकावरचा. आधी त्याने मोबाइल रिपेअरिंगचा क्लास चालवला, मग कॉम्प्युटरचा, मग पटवारीच्या परीक्षेचा. वारं जिकडे तिकडे महेंद्र. गेले काही दिवस तो फोनवर फोन करत होता की नोकरी सोड, इथं ये, आपण दोघं मिळून करू. नागसेनने ना हो म्हटलं होतं ना नाही. आपलं तेवढं चुकलं, हे त्याला जिना चढताना कळलं.

"काय बे, आलास का? बैस," महेंद्र म्हणाला. "तुले विचारनारच होतो."

"लावल्यावर विचारनार होतास?"

"अबे, तू थोडीच नाही म्हननार होता. अपना आदमी है." आणि त्याने चहा मागवला.

नवा रंग आणि जुना घाम असा मिळून एक वास त्या खोलीत भरला होता. भिंतीला काचेचं कपाट. त्यात लॅब म्हणून जुन्या कॉम्प्युटरच्या मेलेल्या सर्किटच्या पाट्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातली एक तर वॉशिंग मशीनमधली होती. नागसेनने ती ओळखली आणि तोंड वळवलं. ज्या कामात त्याने ऐन उमेद घातली, त्याचं हे भंगार काचेत ठेवून त्यावर लाइट सोडला होता.

खुर्च्यांवर बापलेक बसलेले होते. डोमाजी लांजीकडचे, धानाची शेती. मुलगी अंजू बीएस्सी झालेली, मांडीवर प्लास्टिकची फाइल. होर्डिंगवरचा माणूस प्रत्यक्ष समोर आलेला बघून डोमाजी उठून उभेच राहिले, हात जोडले. नागसेनला ते हात बघवेनात. तो महेंद्रकडे न बघता त्यांनाच म्हणाला की इथे चिप शिकवायला काहीही नाही, तीन महिन्यांत हे कुणाला येत नाही, नोकरीची हमी खोटी आहे आणि माझा फोटो मला न विचारता लावलेला आहे. तुम्ही घरी जा.

त्याला वाटलं होतं, बापाच्या तोंडावर सुटल्यासारखं काही दिसेल. डोमाजी हळूच म्हणाले, "साहेब, तुमी तं गेले. तुमाले कोनं अडवलं नाई. मंग माह्या पोरीच्या टायमालेच काहून दरवाजा लावून राह्यले?"

"मी दरवाजा लावत नाही, काका. इथं दरवाजाच नाही, हे सांगतोय."

"दुसरा कुटं आहे, ते सांगा मंग."

अंजूने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि सरळ हिंदीत विचारलं, "सर, आप सिखाएँगे क्या?" ते विचारताना तिच्या आवाजात विनवणी नव्हती, नुसता प्रश्न होता. महेंद्र चहाचा कप पुढे सरकवत हसला. नागसेनने फोटो उतरवायला बजावलं, नाहीतर पोलिसात जाईन म्हणाला, आणि जिना उतरला. मागे महेंद्रचा समजुतीचा आवाज पुन्हा सुरू झालेला त्याला ऐकू येत होता. तो आवाजही मध लावलेलाच होता. बंगळुरूचा साहेब इंग्रजीत बोलायचा, हा हिंदी-मराठीत, एवढाच फरक.

घरी येऊन तो नळावर बराच वेळ हातपाय धूत राहिला. जेवायला बसला नाही. चंपाबाईंनी पिंकीला आत पाठवलं आणि बाहेरच्या बाजेवर त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्याने आईला प्रथमच सगळं सांगितलं. रीना, साहेब, ते व्याख्यान, महेंद्र, डोमाजी. म्हणाला, सगळं सोडून देतो. बैहरच्या बाजूला जमिनीचा तुकडा घेतो आणि कोंबड्या पाळतो. ज्या धंद्याच्या दोन्ही टोकांना अशी माणसं बसलेली आहेत तो धंदाच नको.

चंपाबाईंनी प्लास्टरच्या कडेला बोट घालून खाजवलं. "तुह्या बापाले त्या मुकादमाची लय किळस होती," त्या म्हणाल्या. "घरी आला का शिव्या. पन खडकाले सुरुंग कुटं लावाचा, दगड कसा सुटते, हे सांगाले बसला का जेवाचं भान राहत नव्हतं त्याले. तुले कायची किळस आहे बाबू? चिपीची, का त्या लोकाइची?"

"दोघांची," तो म्हणाला. पण म्हणतानाच त्याला त्या दुचाकीच्या चिपमधली खोट आठवली. ती सापडली त्या दुपारी आपण किती खुशीत होतो, तेही आठवलं. चंपाबाईंनी कोंबड्यांना मुंगसं खातात, एवढं मात्र सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रीनाला फोन लावला. ती नोकरीवरून गेल्यापासून पहिल्यांदाच. ती थंडपणे बोलली. नागपुरात एका लहान कंपनीत होती. विजेच्या मीटरसाठी चिप बनवणारी दहा-बारा माणसं, आणि तपासणीचं सगळं काम तिच्याकडे. त्याने तिची माफी मागायला सुरुवात केली तर तिने मधेच तोडलं. म्हणाली, ते राहू द्या, फोन कशाला केलात ते सांगा. नागसेनने सांगितलं की तिथली नोकरी सोडायच्या विचारात आहे.

"माझ्याकडे एक जागा आहे, सर," रीना म्हणाली. "पण ती माझ्या हाताखालची आहे. आणि इंटरव्ह्यू द्यावा लागेल."

ही पोरगी. जिला चाचणी कशी लिहायची हे मी शिकवलं, तिच्या हाताखाली, इंटरव्ह्यू देऊन. डायरेक्टरची खुर्ची तिकडे रिकामी ठेवलेली असताना. हा विचार त्याच्या डोक्यात अगदी सहज, ठेवणीतल्यासारखा येऊन बसला. नागसेनने तो नीट पाहिला आणि त्याला शिसारी आली, साहेबांच्या आवाजाची यायची तशीच, फक्त या वेळी तोंड वळवून बसायला जागा नव्हती. तो म्हणाला, येतो.

नागपूरचं ऑफिस एका पतसंस्थेच्या वर होतं. रीनाने तासभर कामाचं विचारलं, कुठेही सूट न देता. दोन ठिकाणी तो अडखळला. शेवटी तिने फाइल मिटली आणि विचारलं, "समजा, मी सही मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात. मग ती मी दुसऱ्या कुणाकडून घेतली, तर तुम्ही काय कराल?"

बंगळुरूला तिच्याकडून सही घेतली त्या आठवड्यात तो दुसऱ्या मजल्यावर होता. रीना खाली. आपण सही दिली नाही, आपले हात स्वच्छ राहिले, यातच तो समाधानी होता.

"त्या दुसऱ्याला आधी फोन करीन," तो म्हणाला.

रीनाने मान हलवली आणि कधीपासून येता, एवढंच विचारलं.

बंगळुरूच्या साहेबांनी त्याला निरोप मोठा झोकात दिला. पुष्पगुच्छ, केक, त्याच्या मूल्यांबद्दल चार वाक्यं. नागसेनने केकचा तुकडा हातात घेतला आणि बाहेर जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्याख्यान त्याच्या जागी दुसऱ्याने दिलं. छान झालं म्हणतात. गीता काही दिवस मोजकंच बोलत होती. मग एक दिवस तिने एक प्रेशर कुकर आणि चार चादरी नागपूरच्या पत्त्यावर पाठवून दिल्या आणि पोरीची बारावी झाली की मी येते, असं कळवलं. बालाघाटात मात्र त्याला नोकरीवरून काढलं, अशी बातमी फिरली. ती महेंद्रने फिरवली होती. होर्डिंगवर आता कुणा दुसऱ्याचा चेहरा आहे, कोट तोच. अंजूने महेंद्रकडेच नाव घातलं, असं पिंकीने फोनवर सांगितलं. ते ऐकून नागसेनचा सगळा दिवस नासला. डोमाजींचा फोन नंबरसुद्धा आपण घेतला नव्हता.

नागपूरला पहिल्याच महिन्यात त्याने मीटरच्या चिपमध्ये एक खोट शोधली. वीज जाऊन परत आली की कधी कधी आकडा मागे जायचा. गिऱ्हाइकाची तारीख इथेही होतीच. दुपारी जेवताना गिऱ्हाइकाचा फोन आला आणि पलीकडचा माणूस एवढा ओरडत होता की सगळ्या खोलीला ऐकू गेलं. रीना एकदाच म्हणाली, खोट निघेपर्यंत चिप थांबेल. मग तिने फोन कानापासून जरा लांब धरला आणि दुसऱ्या हाताने डब्यातली भाकर तोडत राहिली. नागसेन समोर बसला होता. त्याने आपला डबा उघडला.