पान लागलं

“सर, सुमनचा क्लेम रिजेक्ट झालाय. म्हणतात, बाईला पान खायचं व्यसन आहे, ते लपवलंत.”

सरांनी चष्मा काढला. “अगं, तिला फुरसं चावलंय. पानाचा काय संबंध?”

मुरबाडच्या डॉक्टरसरांच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी इन्शुरन्स डेस्क सांभाळायचे. म्हणजे पेशंट आणि विमा कंपनी यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडची बोलणी खायची. आता तिथे सगळं ॲपवर चालतं आणि मी घरी बसलेय. पण खरं सांगते, ती बोलणीसुद्धा आठवतात.

सुमन सिद्धगडाच्या पायथ्याची. नवरा काशिनाथ एमआयडीसीत, त्याच्या नोकरीतून विमा होता. गवत कापताना तिच्या उजव्या हाताला फुरसं डसलं. जीव वाचला, पण हाताचं मांस सडायला लागलं. ऑपरेशन कल्याणला व्हायचं होतं आणि तिथे मंजुरीशिवाय घेत नव्हते. उशीर झाला तर बोटं जातील, असं सरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी कंपनीला पाठवलेला कॅज्युअल्टीचा कागद काढला. तिथे नवे डॉक्टर होते, हैदराबादचे. त्यांनी लिहिलेलं: पानानंतर हाताला सूज. मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. काशिनाथने तेच सांगितलं आणि डॉक्टरांनी इमानेइतबारे तेच लिहिलं.

सरांनी खुलासा लिहून दिला. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅम, घरच्यांनी स्वतः सांगायला हवं. कॉल रेकॉर्ड होतोय.”

सुमनच्या खाटेशी जाऊन मी स्पीकर चालू केला. “काशिनाथ, काय चावलं ते सांगा.”

“जनावर.”

“कुठलं जनावर? कुत्रा का?” पलीकडून.

“नाय. लांबडं.”

“लांबडं म्हणजे?”

काशिनाथने सुमनकडे पाहिलं. “अहो, साप म्हणा ना,” मी दातओठ खात म्हटलं.

“ताई, ही अजून घरी नाय पोचली. नाव घेतलं तर ते परत येतं. मी नाय घेनार.” त्याचे डोळे भरले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. माझं माणूस त्या खाटेवर असतं, तर मीही नाव घेतलं नसतं.

तेवढ्यात सुमनने डावा हात पुढे केला. “फोन द्या इकडं.” दिला. “साप. साप चावलाय मला. नीट लिवा. हात जातोय तो माझा, यांचा नाय.”

संध्याकाळी मंजुरी आली. बोटं राहिली. करंगळी तेवढी वाकडी झाली, पण ती पुन्हा विळा धरू लागली.

नोकरी सोडताना नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगून आले, की मुरबाडात पेशंट पान म्हणाला तर त्याला तोंड उघडायला लावू नका, आधी हातपाय बघा.