विचारणाऱ्या मावशी

सिस्टरमावशी बायबल घेऊन घरोघर जायच्या आणि बहुतेक वेळा ते पिशवीतून बाहेर न काढताच परत यायच्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली ही नर्स आमच्या चर्चतर्फे लोकांना भेटते, म्हणजे वचनं ऐकवत असणार, अशी माझी समजूत. मी तेव्हा बावीस वर्षांची. नुकताच बायबलच्या अभ्यासाचा कोर्स केलेला, कोणत्याही शंकेला उत्तर तोंडपाठ. मला त्यांच्याबरोबर पाठवलं, तेव्हा म्हातारीला आपला आधार होईल असंच मला वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मुरगूडला एका निवृत्त गुरुजींच्या सोप्यात बसलो होतो. चहा झाला तसे गुरुजी कडाडले, "तुमचा देव एवढा दयाळू हाय, तर मग पूर कशाला आणतोय?" मी सरसावले. पहिला मुद्दा निम्मा झाला असेल नसेल, मावशींनी पदराआडून असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, पुरात तुमचं काय गेलं?"

गुरुजींनी रिकामी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "दोन म्हशी. दावं सोडाय गावलंच न्हाई." आणि तो आडदांड माणूस आमच्यासमोर ढसाढसा रडला. मी हादरलेच. कोर्समध्ये कुणी रडलं नव्हतं. परतीच्या एसटीत मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तू पुराचं उत्तर देत हुतीस. त्यो म्हशींचं इचारत हुता." दंडावरचा काळानिळा डाग आठवडाभर गेला नाही.

मला वाटलं, आता युक्ती कळली. मी वहीत वीस प्रश्न लिहून काढले आणि शेजारच्या पाटीलकाकूंना एकापाठोपाठ एक विचारायला बसले. सातव्या प्रश्नाला काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. "व्हय गं, शिरगणतीला आलीयास काय?" हे मावशींना सांगितलं, तर त्या खोकला लागेपर्यंत हसल्या. मग एकदम कडक झाल्या. "उत्तर ठाव असताना इचारायचं, त्याला परीक्षा घेणं म्हणत्यात. काकू काय तुझ्या शाळंत हाय?"

त्यांच्या तोंडाला तर लगामच नव्हता. चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले, पहिल्याच रविवारी तासभर दणदणीत बोलले. बाहेर सगळे हात मिळवत होते. मावशी हात धरून म्हणाल्या, "साहेब, लई उत्तरं दिलीसा. प्रश्न कुणाचं हुतं?" पाळकसाहेबांचा चेहरा उतरला आणि मला भूमी दुभंगावी असं झालं. पण पुढच्या आठवड्यापासून ते त्यांच्याबरोबर घरोघर जाऊ लागले.

गेल्या वर्षी मावशी अंथरुणाला खिळल्या. दवाखान्यात आम्ही सगळे रांगेने जात होतो. प्रत्येक जण तेविसावं स्तोत्र म्हणायचा, स्वर्गातल्या सुखाचं सांगायचा, प्रार्थना करून निघायचा. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. का कोण जाणे, मी स्तोत्राचं पान मिटलं आणि विचारलं, "मावशी, भीती वाटते का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई."

 हे उत्तर असू शकतं, हे माझ्या ध्यानीमनीच नव्हतं. त्या वळल्या. "इतकी माणसं आली. हे कुणी इचारलंच न्हाई."

मग सांगू लागल्या. कागलच्या पुढं, सीमेवरच्या खेड्यातली त्यांची आई, गंगव्वा. कन्नड बोलणारी, रोज कपाळाला भस्म लावणारी. लेक शिकायला मिशनच्या हॉस्टेलवर गेली, बाप्तिस्मा घेतला. घरातल्या सगळ्यांनी नाव टाकलं, आईने नाही. दर सोमवारी कागलपर्यंत चालत, पुढं एसटीनं यायची, गेटबाहेर बसायची, आत पाऊल टाकायची नाही. लेकीच्या हातात भाकरी द्यायची आणि ती खाईपर्यंत बघत बसायची. शेवटपर्यंत कपाळाचं भस्म पुसलं नाही.

"ती भेटंल का गं मला तिथं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बाप्तिस्मा न घेता गेलेल्यांचं काय होतं, यावर कोर्समध्ये अख्खा धडा होता. ते जिभेवर आलं आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की कान तापले. मी म्हणाले, "मावशी, मला माहीत नाही."

"मलाबी न्हाई," त्या म्हणाल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

"भेटली तर काय बोलाल?"

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेली भाषा आली. "अव्वा, ऊटा आयता?" मी बघतच राहिले, तसं त्यांनी सांगितलं, "आई, जेवलीस का, म्हणून इचारीन. एवढ्या लांबनं भाकरी घिऊन यायची. मी तिच्यासमोर बसून खायाची. एकदाबी इचारलं न्हाई गं."

पन्नास वर्षं साऱ्या कोल्हापूरला प्रश्न विचारणाऱ्या बाईचा हा एक विचारायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या, तो विचारायला.