कशातच करमत नाही

कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या बाईंकडे मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक परदेशी प्रश्नावली दिली. माणसाचा स्वभाव जोखायची वाक्यं होती ती: मी चटकन चिडतो, नव्या माणसांत मोकळा होतो, अशी. ती आपल्या भाषेत आणायची होती. बाईंना वाटलं, सुट्टीत उरकेल.

सुट्टी संपली तरी पहिलं पान हलेना. मूळ वाक्यात माणूस उदास झाला की ‘खाली’ जायचा. बाईंच्या मसुद्यात तो जिना उतरतोय असंच वाटायचं.

मदतीला नवरा होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचा जन्म गेलेला. ह्रस्व-दीर्घावरून सगळ्यांचा जीव खायचा आणि वर हसवायचाही, म्हणून तिथे त्याला ‘वेलांटी’ म्हणत. छापखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. चहा पिता पिता बाई वाक्यं वाचत, तो खिडकीशी बसून ऐके. ‘तो जिना काढून टाक,’ हे त्यानेच सुचवलं.

एके दिवशी बाईंनी वाचलं, ‘मला कशातच करमत नाही.’

‘बरोबर आहे,’ वेलांटी म्हणाला. ‘नाही करमत.’

सकाळी उठावंसं वाटत नाही, यालाही तो बरोबर म्हणाला. बाई खूश झाल्या. ऐकणाऱ्याला वाक्य आपलंच वाटावं, याचसाठी तर त्यांची धडपड होती.

मग पडताळणीसाठी कुणीतरी त्यांचं भाषांतर उलट मूळ भाषेत केलं. ‘करमत नाही’चं तिकडे ‘घरची आठवण येते’ झालं. प्राध्यापक म्हणाले, शब्द बदला. बाई हट्टाला पेटल्या. त्यांच्या तोंडी दुसरा विषयच उरला नाही. इकडे वेलांटीने दाढी करणं सोडलं, दुपारीही तो अंथरुणातच असे. नणंद येऊन म्हणाली, लहानपणापासून घुम्याच आहे तो, स्वभावच त्याचा. हे खरं नाही, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली, कारण तेच सोयीचं होतं.

त्याने जेवण टाकलं तेव्हा कुठे त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि बराच मुरलाय. संध्याकाळी खाटेशी बसून बाईंनी विचारलं, ‘अहो, मला सांगायचंत तरी.’

‘सांगत होतो की,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. ‘तू वाक्य बघत होतीस.’



प्रश्नावली छापून झाली. ‘करमत नाही’ त्यातून गेलं, त्याच्या जागी ‘रस वाटत नाही’ आलं. बाई भांडायला गेल्या नाहीत. वेलांटी घरी आला. पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास खातो, उठवलं तर उठतो. औषधं दोनदा बदलून झाली. बोलणं मात्र हळूहळू आटत गेलं आणि शेवटी थांबलं. डॉक्टर सांगतात, तुम्ही विचारत राहा. म्हणून कॉलेजातून आल्या की पदराला हात पुसून बाई त्याच्यासमोर बसतात, आज कसं वाटतंय म्हणून विचारतात. तो त्यांच्याकडे बघतो. थोडा वेळ थांबून त्या स्वयंपाकाला उठतात. उत्तर येईल असं त्यांना आता वाटत नाही.