गोबरगॅसच्या घरातले काळे देव

रामपायलीकडच्या आमच्या गावात पहिला गोबरगॅस आला तो आमच्या घरी. नवऱ्याने त्याची ऐट केवढी मिरवली! लोक बघायला आले की हा शेगडी पेटवून दाखवायचा आणि सांगायचा, बायकोच्या डोळ्यांना धूर सोसत नाही म्हणून आणला. चुलीपुढे माझे डोळे सदा लाल असायचे, हे खरं होतं. मलाही त्याचं कौतुक वाटलं. आज त्या कौतुकाचा संताप येतो.

शेगडीशेजारच्या कोनाड्यात देव होते, कुळदेवतांचे चांदीचे टाक. दिवाळीनंतर ते काळे पडू लागले. चिंचेने घासावेत, तर पुन्हा काळे. सासूबाईंनी एक टाक माझ्यापुढे धरला.

"बाहेर बसाच्या दिवसात तू आत आलतीस. खरं सांग."

"नाही जी, आई. देवाची शपथ."

"मंग देव उगाच काळे पडले काय?"

माझी रवानगी अंगणातल्या चुलीवर झाली, ओल्या लाकडांपुढे. धुरावर उपाय म्हणून आणलेला गॅस आत, आणि मी बाहेर धुरात.

तेवढ्यानेही भागलं नाही. सासूबाईंनी लालबर्ऱ्याहून माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. बाबा आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "पोरीले समज नाही, माफ करा." कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. नवरा खांबाला टेकून उभा होता.

त्याच आठवड्यात बालाघाटचे गॅसवाले साहेब पाहणीला आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते नवऱ्याला झापत होते.

"भैया, लोहे का बुरादा बदला कि नहीं? पहले ही दिन कहा था, चाँदी काली पड़ेगी."

कच्च्या गॅसमध्ये सडक्या वासाचा एक वायू असतो, चांदीला काळं करणारा तोच. नळीत मध्येच एक डबा बसवला होता, गंजलेल्या लोखंडाच्या किसाने भरलेला. त्यातून जाताना तो वायू किसाला धरून बसतो आणि गॅस स्वच्छ होऊन पुढे येतो. कीस काळा पडला की काढून हवेत पसरायचा, नाहीतर नवा भरायचा. एवढंच काम होतं, आणि ते माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

साहेब गेल्यावर मी त्याला गाठलं. "तुमाले मालूम होतं, तं काहून नाही सांगतलं?"

"गॅसनं देव काळे होते म्हटलं असतं, तं आईनं गॅसच काढून फेकला असता." हे त्याने अगदी सहज सांगितलं. गॅसपुढे माझी आणि माझ्या बापाची किंमत त्याने केव्हाच ठरवून टाकली होती.

नवऱ्याने गुपचूप नवा कीस भरला. टाक पांढरे राहू लागले. सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या, "बापानं हात जोडले तवा देव पावले." नवरा मान हलवायचा.

पुढे माहेरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. डबा, कीस, साहेब, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, बाई. आता नीट राय. मी माफी मागतली अन् देव पांढरे झाले नं."